काढू नका, तिला लागतं

ब्रिस्टलला आले तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. पुण्यात वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली होती, लग्न केलं नव्हतं, आणि आई भावाकडे व्यवस्थित होती, त्यामुळे निघताना कुणाची सोय लावावी लागली नाही. कंपनी लहान होती. सगळी मिळून चौदा माणसं. मी रुजू झाल्यावर चौथ्याच महिन्यात त्यांनी हार्बरजवळचं ऑफिस सोडलं आणि सगळ्यांना कायमचं घरून काम करायला सांगितलं. मुलंबाळं असलेल्यांना ते बरंच झालं. मला ऑफिसातली एक खुर्ची आणि एक मॉनिटर घरी न्यायला मिळाला. टॅक्सीवाल्याने खुर्ची पेव्हमेंटवर उतरवून दिली आणि मी ती एकटीने वरच्या मजल्यावर चढवली. मध्ये तीनदा टेकवावी लागली.

आमच्या सॉफ्टवेअरचं काम समजायला सोपं आहे. कॉम्प्युटरवर चालणारा एखादा प्रोग्रॅम ते वेगळ्या बंद खोलीत ठेवतं. समजा ब्राउझरमधून काही वाईट आत शिरलं, तर ते त्या खोलीतच अडकतं. तुमची कागदपत्रं, फोटो त्याला दिसत नाहीत. याला सँडबॉक्स म्हणतात. कुठल्या प्रोग्रॅमला भिंतीपलीकडचं काय दिसू द्यायचं, कुठे बारीकशी खिडकी ठेवायची, याचे सगळे नियम एकाच प्रचंड फाइलमध्ये होते. ती फाइल एकाच माणसाने बारा वर्षं लिहीत आणली होती, आणि मी यायच्या दोन महिने आधी तो नोकरी सोडून गेला होता.

माझा मॅनेजर लंडनमधल्या एजवेअरला जन्मलेला, तिथेच वाढलेला मराठी माणूस. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. मीटिंगमध्ये इंग्रजी, पण आम्ही दोघंच असलो की हट्टाने मराठी बोलायचा. मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं एवढं त्याच्या आईने पक्कं शिकवलं होतं. शब्दांच्या लिंगाचं मात्र काही खरं नव्हतं.

“तो फाइल खूप मोठा झालाय,” तो म्हणाला. “हात लावायला सगळ्यांना भीती वाटतो. तुम्ही त्याचे छोटे छोटे पार्ट करा. पण बाहेरून काही चेंज नाही झाला पाहिजे. टेक युअर टाइम.”

याला रीफॅक्टरिंग म्हणतात. कोड जे करत होता तेच करत राहतो, फक्त त्याची आतली मांडणी बदलते. रविवारी आईला फोनवर हे सांगायचा प्रयत्न केला.

“म्हणजे नवीन काय केलंस?” तिने विचारलं.

“नवीन काही नाही. जुनंच नीट लावतेय.”

“मग लोकांना त्यात काय फरक दिसणार?”

“काहीच दिसता कामा नये, आई. दिसला तर माझं चुकलं.”

ती मग म्हणाली, “आणि एवढ्यासाठी तिकडे ठेवलंय तुला.” तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

सकाळी सव्वानऊला पंधरा मिनिटांची मीटिंग असायची. काल काय केलं, आज काय करणार. बहुतेकांचे कॅमेरे बंद. मी सांगायचे, “स्टिल ऑन द बिग फाइल,” आणि माझी पाळी संपायची. त्यानंतर दिवसभर कुणी काही विचारत नसे, कारण मी जे करत होते त्यातलं कुणाला काही माहीतच नव्हतं. एका सोमवारी दुपारी केमिस्टकडे गेले, काउंटरवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली आणि माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. मीटिंग त्या दिवशी नव्हती. शुक्रवारपासून मी एक शब्द बोलले नव्हते. त्या रविवारी आई लग्नाला गेली होती म्हणून तिचाही फोन झाला नव्हता. मी घसा खाकरला, परत सांगितलं. मुलगी म्हणाली, कफ सिरपही देऊ का?

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला दोनदा गेले होते. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, बायका जरीच्या साड्यांवर जाड कोट घालून आलेल्या, सगळं छान. पण तिथे प्रत्येक बोलणं “मिस्टर कुठे असतात?” किंवा “मुलं कुठल्या इयरला?” असंच सुरू व्हायचं आणि माझ्या उत्तरापाशी थांबायचं. कुणी वाईट वागलं नाही. तिसऱ्या वेळेस मी गेले नाही, एवढंच.

अशा दिवसांत ज्या माणसाशी माझा सर्वांत जास्त संबंध आला तो म्हणजे ती फाइल लिहून निघून गेलेला माणूस. त्याचा फोटोही मी पाहिला नव्हता. पण बारा वर्षांतला त्याचा प्रत्येक बदल तारीख-वेळेसकट नोंदलेला होता, आणि सहा महिने रोज वाचल्यावर माणूस कळायला लागतो. सकाळी लवकर बसायचा. शुक्रवारी लिहायचा कमी आणि खोडायचा जास्त. कोडच्या बाजूला टिपा लिहायचा, त्याही तुटक. एके ठिकाणी लिहिलं होतं, “इथे माझं चुकलं होतं. खाली बघा.” खाली आणखी दीडशे ओळी होत्या आणि शेवटी, “हेही चूक.” एका वर्षी मार्च ते मे त्याने काहीच लिहिलं नव्हतं. काय झालं असेल याचा मी बराच विचार केला.

हळूहळू मी त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागले. “अहो, हे इथे कशाला ठेवलंत?” एकदा असंच काहीतरी म्हटलं आणि माझं मलाच हसू आलं. आमच्याकडे आई बाबांना याच आवाजात ‘अहो’ म्हणायची.

फेब्रुवारीत मी फाइलच्या शेवटच्या भागाला लागले, आणि तिथे एक खिडकी सापडली. कुठल्याही नियमात न बसणारी. प्रत्येक बंद खोलीतून एक बारीक वाट बाहेर उघडी सोडलेली होती, आणि शेजारी इंग्रजीत टीप होती: काढू नका. तिला लागतं.

ती कोण, ते लिहिलेलं नव्हतं. नंबर नाही, तक्रारीचा दुवा नाही, त्या वाटेची चाचणीही नाही. आमच्यात प्रत्येक गोष्टीची चाचणी लिहून ठेवतात. काही मोडलं की ती आपोआप ओरडते. या वाटेबद्दल कुणी ओरडणार नव्हतं. दोन-तीन दिवस मी तिच्या आजूबाजूचं आवरलं आणि तिला तशीच ठेवली. ‘ती’ म्हणजे त्याची बायको असेल, असं मी धरून चालले होते. मग मुलगी असेल असं वाटलं. ज्या माणसाला मी कधी भेटले नव्हते त्याच्या घरात कुणीतरी आहे, हे मला फारसं आवडलं नाही. आज लिहिताना याची लाज वाटते, पण तसं होतं खरं.

मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, “मला आयडिया नाही. सिक्युरिटीच्या सॉफ्टवेअरमध्ये असा ओपन होल बरा दिसत नाही. टेस्ट नाही ना? मग काढून टाका.”

“त्यांना विचारता येईल का? कुठे असतात ते?”

“तो कोणाचा फोन घेत नाही आता. एचआरपण नंबर देणार नाही.”

मी काढून टाकलं. टीपही काढली. सगळ्या चाचण्या पास होऊन हिरव्या झाल्या. फाइलचे एकोणीस नेटके तुकडे झाले होते आणि तो शेवटचा तुकडा विशेष देखणा दिसत होता. मंगळवारी नवी आवृत्ती लोकांकडे गेली. गुरुवारी सपोर्टच्या इनबॉक्समध्ये एक ईमेल आला. तो लिहायला शेजारणीची मदत घ्यावी लागली, असं त्यातच म्हटलं होतं. “मंगळवारपासून माझा कॉम्प्युटर तुमच्या खोल्यांमधलं काही बोलत नाही. कृपया फोन करा.” खाली लीड्सचा नंबर होता.

मी लगेच फोन केला. पलीकडून स्वच्छ, जपून बोलणारा, वयस्क आवाज आला. इतके दिवस मी जिला मनात ‘ती’ म्हणत होते, त्या एका वाक्यात ‘त्या’ झाल्या.

त्या जन्मापासून आंधळ्या होत्या. लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन स्विचबोर्डवर त्यांनी सगळी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आणि तेच बोटांखाली उमटवणारी ब्रेलची एक पट्टी, यांवर त्यांचं सगळं चालायचं. दोन्ही जुनी. नवीन वाचक प्रोग्रॅम ज्या वाटेने आत बघतात ती वाट आमच्याकडे होतीच, चाचणीसकट. यांचा मात्र वेगळ्या, जुन्या वाटेने यायचा. ती एकच वाट मी बंद केली होती, आणि ती वापरणाऱ्या बहुधा त्या एकट्याच होत्या.

“आधीचा जो होता त्याने हे दुपारपर्यंत करून दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी एकदाच फोन केला. नंतर दर ख्रिसमसला तोच करायचा, चालतंय ना विचारायला. बरा आहे ना तो?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मी त्यांना भेटलेले नाही.”

मी ती वाट परत घातली. माझ्या मशिनवर चाललं. त्यांच्याकडे नाही. शुक्रवारी आणखी दोन प्रकारे करून पाहिलं. माझ्याकडे चालायचं, तिकडे शांतता. दूरवरून त्यांचा पडदा बघावा, तर परवानगी द्यायला जे बटण दाबायचं तेच त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि शेजारीण कामाला गेलेली. मी मॅनेजरला म्हणाले की मी सोमवारी लीड्सला जाते.

“एका युजरसाठी?” त्याने विचारलं. मग म्हणाला, “ओके. जा तुम्ही.”

ब्रिस्टलहून लीड्स चार तास. ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडून बसले, पण बर्मिंगहॅमनंतर काही सुचेना आणि मी नुसती बाहेर बघत राहिले. स्टेशनपासून बस, मग चढावर लाल विटांच्या घरांची रांग. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. त्यांनी माझी पावलं ऐकली होती.

“ये, लव्ह. कोट तिथे अडकव, डावीकडे.” तिकडे अनोळखी माणसालाही प्रेमाने ‘लव्ह’ म्हणतात.

किचनमध्ये टेबलावर कॉम्प्युटर होता. त्यांनी स्वतः चहा केला. कपाच्या कडेला एक छोटं यंत्र लटकवायचं, पाणी वर आलं की ते वाजतं. मी तीन तास काम केलं. त्या समोर बसून काहीतरी विणत होत्या आणि मध्ये मध्ये विचारायच्या, “आता काय करतेयस?” मी सांगत होते. काम करताना मला असं कुणी गेल्या वर्षभरात विचारलं नव्हतं.

“तू प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतेस,” त्या म्हणाल्या. “एकटी राहतेस?”

“हो.”

“स्विचबोर्डवर ओळखू यायची अशी माणसं. पेशंटचे नातेवाईक. बोलायला सुरुवात करतानाच अडखळायची.”

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, “ते सोडून जाताना तुम्हाला काही म्हणाले होते?”

“फोन आला होता. म्हणाला, मी चाललो, पण काळजी करू नका, माझ्यामागे जे कोणी येईल त्याच्यासाठी मी चिठ्ठी ठेवलीय.” त्यांनी विणकाम खाली ठेवलं. “चिठ्ठी हरवली असेल. ऑफिसं बदलतात.”

मी काही बोलले नसते तर ते तसंच राहिलं असतं. त्यांना कधी कळलं नसतं. पण त्या माझ्या आवाजावरून बरंच काही ओळखत होत्या, आणि त्यांच्याच टेबलावर बसून खोटं बोलणं मला जमेना.

“हरवली नव्हती,” मी म्हणाले. “मी वाचली होती. ती वाट मीच काढली, आणि चिठ्ठीही.”

त्यांचे हात टेबलावर होते, ते तसेच राहिले.

“काय लिहिलं होतं?”

“काढू नका. तिला लागतं.”

“तिला?”

“हो. नाव नव्हतं. आम्हाला कोडमध्ये ग्राहकांची नावं लिहिता येत नाहीत.”

“मला तिथे सगळे ‘स्विचबोर्ड’ म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरसुद्धा. ‘स्विचबोर्ड, वॉर्ड नऊ द्या.’ इतकी वर्षं.” मग म्हणाल्या, “‘ती’ बरं आहे त्यापेक्षा.”

त्या रागावल्या का, हे मी विचारलं नाही. पण पुढचा अर्धा तास त्यांनी मला ‘आता काय करतेयस’ असं विचारलं नाही, यावरून मी काय ते समजले.

दोष शेवटी दीड वाजता सापडला, आणि तो माझाच होता. फाइलचे तुकडे करताना मी कामांचा क्रम बदलला होता. आता भिंती आधी उभ्या राहायच्या आणि खिडकी त्यानंतर उघडायची. मधलं अंतर माझ्या नव्या मशिनवर डोळ्याची पापणी लवायच्याही आत संपायचं. त्यांचा कॉम्प्युटर जुना आणि संथ होता. त्यांचा वाचक प्रोग्रॅम सुरुवातीला एकदाच आत बघायचा, समोर भिंत दिसली की आत कुणी नाही असं समजायचा आणि परत बघायचा नाही. आधीच्या माणसाने क्रम बरोबर ठेवला होता. का, ते त्याने लिहिलं नव्हतं, आणि मला तो गबाळेपणा वाटला होता.

मी क्रम पूर्ववत केला. प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला.

आवाज आला. इतका वेगात, की मला तो शब्दांचा आहे हेही कळलं नाही, नुसती खरखर. त्यांना कळत होता. त्या टेबलाकडे सरकल्या, बोटं ब्रेलच्या पट्टीवर ठेवली, आणि सहा दिवसांचे साचलेले ईमेल एकामागून एक ऐकायला लागल्या. एकाला हसल्या. एकाला “अरे देवा” अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटल्या. बहिणीच्या नातीचं काहीतरी होतं. मी आहे हे त्या विसरल्या, आणि ते साहजिकच होतं.

मी बाजूला बसून चाचणी लिहिली. मुद्दाम संथ केलेल्या मशिनवर जुन्या वाटेने येणाऱ्या वाचकाला आतलं दिसलंच पाहिजे, नाहीतर ओरड. मग नवी टीप लिहिली, चांगली सहा ओळींची: कुणाला लागतं, का लागतं, क्रम का महत्त्वाचा. ती लिहून झाली तरी खरखर चालूच होती. मी कोट घातला आणि त्यांच्या खांद्यापाशी जाऊन उभी राहिले. काय करावं कळेना, कारण त्या ऐकत असताना मध्ये बोलणं म्हणजे वाचणाऱ्याच्या पुस्तकावर हात ठेवण्यासारखं झालं असतं.

त्यांनीच आवाज थांबवला. “निघालीस?”

“ट्रेन आहे.”

“बरं झालं आलीस.” त्या दारापर्यंत आल्या. “आणि ते मला सांगितलंस तेही. नाहीतर मी त्यालाच दोष देत बसले असते, चिठ्ठी नीट ठेवली नाही म्हणून.”

परतीच्या ट्रेनमध्ये माझ्या समोर एक जोडपं भांडण झाल्यासारखं गप्प बसलं होतं. शेफील्डला ते उतरले आणि डब्यात मी आणि लांबवर एक माणूस एवढेच राहिलो. मला रडू आलं. फार वेळ नाही. कशाचं, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. चूक सुधारली होती, काम झालं होतं. बहुतेक त्या तीन तासांचं असावं.

मे महिन्यात सगळं काम पूर्ण झालं. मीटिंगमध्ये मॅनेजरने जाहीर केलं की मोठी फाइल आता राहिली नाही, आणि त्या एका प्रसंगाशिवाय कुणालाही काही जाणवलं नाही, म्हणजे काम उत्तम झालं. दोन-तीन जणांनी पडद्यावर ‘थम्ब्स अप’ टाकले. मीटिंग संपल्यावर तो मराठीत म्हणाला, “माझी आई विचारत होता, तुम्ही कधी एजवेअरला जेवायला येणार.” मी जाईन म्हणाले. अजून गेलेले नाही.

आधीच्या माणसाचा पत्ता मला मिळाला नाही. मला ज्या दुसऱ्या कामावर घातलं तिथे आम्ही तिघं आहोत, तिघंही वेगवेगळ्या गावांत, आणि तिथला कोड नवा आहे. त्यात कुणाचा स्वभाव दिसत नाही.

सप्टेंबरमध्ये एका शनिवारी सकाळी मी लीड्सला फोन केला. त्यांनी उचलला, माझा आवाज ओळखला आणि लगेच विचारलं, “काय बिघडलं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “सगळं चालू आहे.”

“मग?”

मला पुढे काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले की ब्रिस्टलला गारवा सुरू झालाय. त्या म्हणाल्या, लीड्सला कधीच झाला. त्यांच्याकडे कुणीतरी आलं होतं, मागे बायका बोलत होत्या, आणि त्यांना फार वेळ नव्हता. आठवड्यात कधीही दुपारी कर, त्या म्हणाल्या. पुढच्या बुधवारी मी जेवणाच्या सुट्टीत केला, तेव्हा त्या घरी नव्हत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात होत्या.

आता महिन्या-दीड महिन्याने आम्ही बोलतो. दहा-पंधरा मिनिटं. त्या शेजारणीबद्दल सांगतात, बहिणीच्या नातीबद्दल सांगतात. मी आईबद्दल सांगते. त्यात विशेष काही नसतं, आणि फोन ठेवून दिल्यावर घर परत पहिल्यासारखंच शांत होतं.